एम्युलेटर सुरू होताच मिटतो, चाललाच तर पडदा काळा (अँड्रॉइड स्टुडिओ, विंडोज ११, ८ जीबी रॅम)

घाटमाथा

नमस्कार मंडळी. एका लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर (संगणकावर आभासी फोन चालवणारा प्रोग्राम) धड चालत नाहीये. लक्षणं तीन आहेत. तिन्हींचं कारण एकच आहे की वेगवेगळं, तेच उलगडत नाही.

यंत्र: विंडोज ११, इंटेल आय-५, रॅम ८ जीबी. सी ड्राइव्हवर साधारण ५ जीबी जागा मोकळी, डी ड्राइव्हवर ७० जीबी. डॉकर डेस्कटॉप (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) आहे, त्यात फक्त डेटाबेस चालतो. ॲपचा सर्व्हर नोडवर (नोड.जेएस) आहे, तो थेट विंडोजवर, पोर्ट ३०००. एव्हीडी (म्हणजे तो आभासी फोन) पिक्सेल ७ची, एपीआय (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा क्रमांक) ३४, गूगल प्लेवाली सिस्टिम इमेज, एक्स८६_६४.

पहिलं लक्षण म्हणजे सुरू करायचं बटण दाबलं की काही सेकंदांत 'द एम्युलेटर प्रोसेस फॉर एव्हीडी हॅज टर्मिनेटेड' असा निरोप येतो. कारण काहीच दिलेलं नसतं. दुसरं, क्वचित सुरू झालाच तर बराच वेळ लोगो दिसतो, मग पडदा काळा होतो आणि लॅपटॉप इतका अडखळतो की माउसही नीट हलत नाही. तिसरं, ॲप चाललं तेव्हा सर्व्हरशी जोडणी होत नव्हती: 'फेल्ड टू कनेक्ट टू लोकलहोस्ट/१२७.०.०.१'. त्याच वेळी लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:३००० व्यवस्थित उघडत होतं.

आतापर्यंत एव्हीडी काढून नवी केली, स्टुडिओ पुन्हा बसवला. एका जुन्या व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे हॅक्सम (एम्युलेटरला वेग देणारा इंटेलचा ड्रायव्हर) बसवायला गेलो तर 'व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) उपलब्ध नाही' म्हणून तो थांबतो. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे आणि टास्क मॅनेजरही 'एनेबल्ड' दाखवतो, मग हे काय?

शिवाय ॲप मराठीतून तपासायचं आहे. फोनची भाषा मराठी केली की बिलाचा स्क्रीन बंद पडतो, इंग्रजीत आणि हिंदीत पडत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढावा का?


शून्यबाइट

वेगळा धागा नको, इथेच होऊ दे.

आधी हे लक्षात घ्या की स्टुडिओचा तो निरोप कारण सांगत नाही. एम्युलेटरच्या पोटात क्यूएमू हा आभासी यंत्र चालवणारा प्रोग्राम आहे. तो हायपरवायझरवर (आभासी यंत्राला प्रोसेसर थेट वापरू देणाऱ्या थरावर) चालतो, पडदा रंगवायला ग्राफिक्स ड्रायव्हर वापरतो, डिस्कवर काही जीबींच्या फाइल्स उघडतो आणि एडीबीमार्फत (संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनामार्फत) स्टुडिओशी बोलतो. पहिल्या तिघांपैकी कुणीही मान टाकली तरी स्टुडिओ तेच एक वाक्य दाखवतो. म्हणून पुन्हा पुन्हा बसवण्याने हाती काही लागत नाही. खरं कारण टर्मिनलमध्ये छापलं जातं, ते वाचा.

एसडीकेच्या (अँड्रॉइड ॲप बनवायच्या साधनांच्या संचाच्या) फोल्डरात 'एम्युलेटर' नावाचं फोल्डर आहे (युजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, अँड्रॉइड, एसडीके, एम्युलेटर या वाटेवर). तिथे टर्मिनल उघडा. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देतोय, टाइप रोमनमध्येच करायच्या. पॉवरशेल असेल तर सुरुवातीला टिंब आणि उलटी तिरकी रेघ लावा.

एम्युलेटर -ॲक्सेल-चेक
एम्युलेटर -लिस्ट-एव्हीडीज
एम्युलेटर -एव्हीडी (यादीत आलेलं नाव जसंच्या तसं) -व्हर्बोज -नो-स्नॅपशॉट-लोड

पहिली कमांड हायपरवायझरचा निकाल देते, दुसरी एव्हीडींची नावं, तिसरी एम्युलेटर सुरू करून सगळी बडबड पडद्यावर ओतते. मिटण्यापूर्वीच्या शेवटच्या वीसेक ओळींत 'एरर', 'फेटल' किंवा 'पॅनिक' शोधा. एक सावधगिरी: जुन्या एसडीकेत 'टूल्स' फोल्डरातही याच नावाची फाइल असायची. पाथमध्ये ती आधी सापडली तर 'ब्रोकन एव्हीडी सिस्टिम पाथ' असा पॅनिक येतो आणि माणूस उगाच एसडीकेवर संशय घेतो. म्हणूनच कमांड त्याच फोल्डरातून चालवायची.

आता हॅक्समचं कोडं. तुमच्याकडे डॉकर डेस्कटॉप आहे, म्हणजे बहुधा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) आहे, म्हणजे विंडोजचं स्वतःचं हायपरवायझर, हायपर-व्ही, मशीन सुरू होतानाच व्हीटी-एक्सचा ताबा घेतं. त्यानंतर हॅक्समने विचारलं तर प्रोसेसरचं ते दार बंदच दिसणार. बायोस बरोबर, टास्क मॅनेजर बरोबर आणि हॅक्समही त्याच्या जागी बरोबर. डॉकर नसतानाही असं होऊ शकतं: विंडोज सिक्युरिटीमधल्या 'कोअर आयसोलेशन'खालचं 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तरी हेच घडतं, आणि नव्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा आधीपासून चालू असतं. खात्रीसाठी 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून अगदी खाली जा. 'अ हायपरवायझर हॅज बीन डिटेक्टेड' अशी ओळ असेल तर हायपरवायझर जागा आहे.

तसाही हॅक्सम आता विसरा. इंटेलने जानेवारी २०२३ मध्ये त्याचं काम थांबवलं. तो व्हिडिओ त्याआधीचा असणार. हॅक्सम बसलेला असेल तर काढून टाका आणि 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये 'विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म'वर (थोडक्यात डब्ल्यूएचपीएक्स) खूण करून मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू करणं नव्हे, रीस्टार्टच. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल झोपवून ठेवला जातो आणि बदल अर्धवट राहतो.

काही ठिकाणी 'बीसीडीएडिट'ने हायपरवायझरचा लाँच टाइप 'ऑफ' करायला सांगतात. तुम्ही ते करू नका, डॉकर आणि डब्ल्यूएसएल २ दोन्ही बंद पडतील. ज्यांना हायपर-व्ही कशालाच लागत नाही त्यांच्यासाठी गूगलचा एईएचडी ड्रायव्हर आहे. तो चालू आहे का हे 'एससी क्वेरी एईएचडी'ने कळतं, उत्तरात 'रनिंग' आलं पाहिजे. हायपर-व्ही जागा असेल तर तो सुरूच होत नाही. दोघांपैकी एकच निवडायचं.


घाटमाथा

धन्यवाद, सगळं करून पाहिलं. ॲक्सेल-चेक म्हणतो 'डब्ल्यूएचपीएक्स इज इन्स्टॉल्ड अँड यूजेबल'. व्हर्बोजमध्ये शेवटी हे येतं:

फेटल: नॉट इनफ स्पेस टू क्रिएट युजरडेटा पार्टिशन. अव्हेलेबल: ५१०३ एमबी, नीड ७३७२.८ एमबी

७३७२.८ हा आकडा कुठून आला? इमेज तर आधीच डाउनलोड झालेली आहे.


रातकिडा

६ जीबी म्हणजे ६१४४ एमबी. त्याला १.२ ने गुणा, ७३७२.८ येतात. तुमच्या एव्हीडीचं 'इंटर्नल स्टोअरेज' ६ जीबी ठेवलेलं आहे आणि एम्युलेटर त्यावर वीस टक्के जास्त जागा मोकळी मागतोय. सिस्टिम इमेज एसडीकेच्या फोल्डरात असते. ही जागा लागते ती फोनच्या डेटासाठी, आणि तो एव्हीडीच्या फोल्डरात तयार होतो. क्वचित कधीतरी सुरू का व्हायचा तेही यात आलं: विंडोजच्या तात्पुरत्या फाइल्स कमी-जास्त होतात, तसा तुमचा सी ड्राइव्ह या रेषेच्या वर-खाली होत असणार.

एव्हीडी डी ड्राइव्हवर न्या. क्रम महत्त्वाचा आहे:

१. स्टुडिओ आणि एम्युलेटर पूर्ण बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये क्यूएमू-सिस्टिम नावाची प्रोसेस उरली असेल तर तीही संपवा.
२. तुमच्या युजर फोल्डरात '.अँड्रॉइड' आणि त्यात 'एव्हीडी' आहे. त्यातली प्रत्येक एव्हीडी दोन तुकड्यांची असते: '.एव्हीडी' शेपटीचं फोल्डर आणि त्याच नावाची '.आयएनआय' फाइल. दोन्ही डी ड्राइव्हवर नव्या फोल्डरात हलवा.
३. ती '.आयएनआय' फाइल नोटपॅडमध्ये उघडा, 'पाथ=' ओळीत नवा पत्ता घाला.
४. विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये 'अँड्रॉइड_एव्हीडी_होम' (सगळी अक्षरं कॅपिटल) तयार करून त्याला त्या नव्या फोल्डराचा पत्ता द्या.
५. टर्मिनल नव्याने उघडा, स्टुडिओही नव्याने. जुन्या खिडकीला नवं व्हेरिएबल दिसत नाही.

तिसरी पायरी राहिली तर यादीत एव्हीडी दिसते पण उघडत नाही. ज्या फोल्डरावर क्लाउडचं सिंक चालू आहे तिथे एव्हीडी ठेवू नका. एम्युलेटर चालू असताना सिंक त्या फाइल्सना हात लावायला जातो आणि कुलूप अडकतं. तसं अडकलंच तर एम्युलेटर 'दुसरा एम्युलेटर हीच एव्हीडी वापरतोय' म्हणून नकार देईल. तेव्हा क्यूएमूची प्रोसेस खरोखर संपली आहे याची खात्री करून '.एव्हीडी' फोल्डरातल्या '.लॉक' शेपटीच्या गोष्टी काढा. प्रोसेस जिवंत असताना काढल्या तर युजरडेटा बिघडण्याचा धोका आहे.

मराठी लोकांसाठी खास: विंडोजचं युजरनेम देवनागरीत असेल तर त्याच नावाचं फोल्डर या वाटेवर येतं आणि एसडीकेच्या साधनांना रोमनबाहेरची अक्षरं असलेले पत्ते मानवत नाहीत. युजरनेम बदलल्याने जुन्या फोल्डराचं नाव बदलत नाही. अशा वेळी एसडीके आणि एव्हीडी दोन्ही डी ड्राइव्हवर, रोमन नावाच्या, नावात स्पेस नसलेल्या फोल्डरात ठेवणं हाच नीट उपाय.

आता रॅम. काळ्या पडद्याआधी मशीन अडखळतं याचं कारण इथे आहे असं मला वाटतं. गूगलच्या कागदपत्रांत एम्युलेटरसाठी १६ जीबी रॅम सांगितली आहे. ८ जीबीवर चालतो, पण हिशेब स्वतः ठेवावा लागतो. डब्ल्यूएसएल २ कोणी अडवलं नाही तर एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबी. टास्क मॅनेजरमध्ये 'व्हीएममेम' किंवा 'व्हीएममेमडब्ल्यूएसएल' नावाने ते दिसतं. त्यावर स्टुडिओ, त्यावर ग्रेडल (ॲप बांधणारं साधन), त्यावर एम्युलेटरचे निदान २ जीबी, शिवाय खुद्द विंडोज. बेरीज ८ मध्ये बसत नाही, मग सगळं डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये जातं, आणि तुमचा सी ड्राइव्ह तर भरलेला.

म्हणून युजर फोल्डरात '.डब्ल्यूएसएलकॉन्फिग' फाइल करून त्यात 'डब्ल्यूएसएल२' या चौकटी कंसातल्या मथळ्याखाली 'मेमरी=१जीबी' किंवा '२जीबी' लिहा, मग 'डब्ल्यूएसएल --शटडाउन'. नुसत्या डेटाबेसला एवढं पुरतं. प्रकल्पाच्या 'ग्रेडल.प्रॉपर्टीज'मध्ये 'ऑर्ग.ग्रेडल.जेव्हीएमआर्ग्स'ची कमाल मर्यादा २०४८ एमबीपर्यंत आणा. प्रकल्प लहान असेल तर १५३६ सुद्धा चालतं.

आणि पिक्सेल ७ सोडा. 'स्मॉल फोन' हे ७२० बाय १२८० पिक्सेलचं प्रोफाइल घ्या, इमेज एपीआय ३० किंवा ३१ची आणि 'गूगल एपीआयज'वाली घ्या, गूगल प्लेवाली नको. प्ले स्टोअर पाठीमागे स्वतःला आणि इतर ॲप्सना अपडेट करत बसतं, त्यात प्रोसेसर जातो. पुश नोटिफिकेशन आणि नकाशे 'गूगल एपीआयज'वरही चालतात. प्लेवाली इमेज खरोखर लागते ती ॲपमधली खरेदी तपासायला. एम्युलेटरची रॅम २०४८ ठेवा. त्याहून कमी दिली तर नव्या इमेजवर एम्युलेटर स्वतःच ती वाढवतो, ४०९६ दिली तर तुमच्या मशीनवर उलट आणखी हळू होईल. कोअर २ पुरे.

पहिला बूट कितीही छाटलं तरी हळूच असतो, आतली ॲप्स त्या वेळी तयार होत असतात. त्यावरून निष्कर्ष काढू नका.


मांडवी

काळ्या पडद्याबद्दल. रॅम हे कारण असू शकतं, पण अंदाजावर सेटिंग बदलण्याआधी एक चाचणी करा. पडदा काळा असताना:

एडीबी शेल गेटप्रॉप सिस.बूट_कम्प्लीटेड

उत्तर १ आलं तर आतला अँड्रॉइड पूर्ण उठलेला आहे आणि घोटाळा फक्त चित्र काढण्यात आहे. उत्तर रिकामं असेल तर बूटच अडकलाय. ग्राफिक्सशी झगडू नका, रॅम, जागा किंवा बिघडलेला स्नॅपशॉट बघा. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

बूट अडकला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून आधी 'कोल्ड बूट नाऊ'. एम्युलेटर बंद करताना फोनची सगळी रॅम स्नॅपशॉटमध्ये जतन होते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. डिस्क भरल्यामुळे ते जतन होणं अर्धवट राहिलं असेल, किंवा मध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला असेल, तर तो स्नॅपशॉट निकामी. कोल्ड बूटने ॲपचा डेटा जात नाही. त्यानेही नाही भागलं तरच 'वाइप डेटा', त्यात मात्र सगळं जातं. डिस्क अपुरी असलेल्या मशीनवर स्नॅपशॉट जतन करणंच बंद ठेवा (-नो-स्नॅपशॉट-सेव्ह). सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, पण काही जीबी वाचतील.

बूट पूर्ण आणि पडदा काळा, असं असेल तर:

एम्युलेटर -एव्हीडी (नाव) -जीपीयू स्विफ्टशेडर_इनडायरेक्ट

हे चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरला देतं. हळू होईल, पण पडदा दिसला तर दोष तुमच्या ड्रायव्हरकडे आहे हे सिद्ध झालं. मग ड्रायव्हर लॅपटॉप किंवा चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या, विंडोज अपडेट कधीकधी बरंच जुनं देतं. लॅपटॉपवर दोन ग्राफिक्स असतील तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या 'ग्राफिक्स'मध्ये क्यूएमू-सिस्टिम-एक्स८६_६४ ही फाइल जोडून तिच्यासाठी एक कार्ड पक्कं करा. ती 'एम्युलेटर'खालच्या 'क्यूएमू' फोल्डरात असते. वरवरची एम्युलेटर.ईएक्सई जोडून उपयोग होत नाही, चित्र काढणारी प्रोसेस ती नव्हे.

तरीही पडदा लुकलुकत असेल किंवा फक्त काही ॲप्स काळी दिसत असतील तर व्हल्कन (ग्राफिक्सची एक प्रणाली) बंद करून पाहा. कमांडला '-फीचर -व्हल्कन' जोडायचं, व्हल्कनच्या आधीची वजाची खूण म्हणजे 'बंद'. जुन्या अंतर्गत ग्राफिक्सवर याचा बराच उपयोग होतो. नव्या कार्डावर मात्र ते कायमचं बंद ठेवण्यात अर्थ नाही.

एडीबीलाच फोन दिसत नसेल किंवा 'ऑफलाइन' येत असेल तर 'एडीबी किल-सर्व्हर', मग 'एडीबी स्टार्ट-सर्व्हर'. दर काही मिनिटांनी तेच होत असेल तर मशीनवर दोन एडीबी आहेत. फोनचा पडदा संगणकावर दाखवणारी काही साधनं आपापलं एडीबी घेऊन येतात. दोघांच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या की 'सर्व्हर व्हर्जन डझन्ट मॅच धिस क्लायंट. किलिंग' असं म्हणत एक दुसऱ्याला मारत बसतं. 'व्हेअर एडीबी'ने सगळे पत्ते दिसतील. एसडीकेच्या 'प्लॅटफॉर्म-टूल्स'मधलं ठेवा, बाकी साधनांनाही तेच वापरायला सांगा.

एडीबीचा सर्व्हर पोर्ट ५०३७वर असतो. एम्युलेटर ५५५४पासून जोड्यांनी पोर्ट घेतात, सम क्रमांक कन्सोलचा, पुढचा विषम एडीबीचा. म्हणून दुसरा एम्युलेटर 'एम्युलेटर-५५५६' दिसतो. अँटिव्हायरस या पोर्टांच्या मध्ये येत असेल तर एसडीकेचं फोल्डर अपवादात टाका. बिल्डलाही वेग येतो.


पाणपोई

सर्व्हरचा प्रश्न राहिलाय. एम्युलेटर हा स्वतःच एक फोन आहे, त्यामुळे त्याच्या आतलं लोकलहोस्ट म्हणजे तो फोनच. तिथे ३०००वर कोणी बसलेलं नाही. बाहेरच्या लॅपटॉपच्या १२७.०.०.१ला पोचायचा पत्ता १०.०.२.२ आहे. ॲपमध्ये 'एचटीटीपी://१०.०.२.२:३०००' असं द्या.

पण तुमच्या बाबतीत एवढ्याने भागेलच असं नाही. नोडमध्ये 'लिसन'ला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून 'लोकलहोस्ट' दिलं असेल तर नोड १७पासून त्याचा अर्थ बऱ्याच मशीनवर आयपीव्ही६चा ::१ असा लागतो. ब्राउझर दोन्ही पत्ते करून पाहतो म्हणून तिथे चालतं. १०.०.२.२ मात्र फक्त आयपीव्ही४च्या १२७.०.०.१वर जातो आणि तिथे कोणीच ऐकत नसतं. 'नेटस्टॅट -एएनओ'मध्ये ३०००च्या ओळीत काय दिसतं ते बघा. नुसतंच [::१]:३००० असेल तर सर्व्हरला स्पष्टपणे १२७.०.०.१ द्या. खरा फोनही वायफायवरून जोडायचा असेल तर ०.०.०.०. फायरवॉलच्या मागे लागू नका: १०.०.२.२ची जोडणी लॅपटॉपच्या आतल्या आतच होते. खऱ्या फोनला मात्र फायरवॉल आडवी येते.

मला स्वतःला दुसरी वाट जास्त आवडते:

एडीबी रिव्हर्स टीसीपी:३००० टीसीपी:३०००

यानंतर फोनमधलं लोकलहोस्ट:३००० थेट लॅपटॉपच्या ३०००ला जोडलं जातं. ॲपमध्ये पत्ता बदलावा लागत नाही आणि यूएसबीने जोडलेल्या खऱ्या फोनवरही तीच कमांड चालते. फक्त एम्युलेटर पुन्हा सुरू केला की ती पुन्हा द्यायची.

त्यानंतरही अडलं तर एररचे शब्द वाचा, प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पत्त्यावर पोचलात पण त्या पोर्टवर कोणी नाही. 'टाइमआउट' म्हणजे वाटेत कोणीतरी गिळतंय, बहुतेक व्हीपीएन किंवा प्रॉक्सी. 'क्लिअरटेक्स्ट कम्युनिकेशन नॉट परमिटेड' म्हणजे जाळं ठीक आहे, अँड्रॉइडने अडवलंय. अँड्रॉइड ९पासून (एपीआय २८) साधं एचटीटीपी मुळातच बंद असतं. नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग फाइलमध्ये फक्त १०.०.२.२ आणि लोकलहोस्टला परवानगी द्या, आणि ती फाइल डीबग बिल्डच्या सोर्ससेटमध्येच ठेवा. मॅनिफेस्टमध्ये सरसकट 'युजेसक्लिअरटेक्स्टट्रॅफिक' खरं करून ठेवलं की ते एक दिवस ग्राहकांच्या फोनवर पोचतं, आणि मग त्यांची माहिती उघड्यावर फिरते. हे कृपया टाळा.

एम्युलेटरवर इंटरनेटच नसेल, पण आयपी पत्त्याने साइट उघडत असेल, तर डीएनएस. लॅपटॉपचा डीएनएस एम्युलेटर सुरू होतानाच वाचून घेतो. नंतर वायफाय बदललं किंवा व्हीपीएन जोडलं तर जुनाच धरून बसतो. कोल्ड बूट करा, नाहीतर '-डीएनएस-सर्व्हर ८.८.८.८' देऊन सुरू करा.


घाटमाथा

एव्हीडी डी ड्राइव्हवर, स्मॉल फोन, एपीआय ३१, डब्ल्यूएसएलला १ जीबी. चालू झाला आणि बूट_कम्प्लीटेड १ आहे, पण पडदा पुन्हा काळाच आला. स्विफ्टशेडरने दिसला, नवा ड्रायव्हर टाकल्यावर स्विफ्टशेडरशिवायही दिसतोय. सर्व्हर खरंच ::१वर होता, १२७.०.०.१ दिल्यावर ॲप जोडलं गेलं. आता मराठीवाला क्रॅश उरला. लॉगकॅटमध्ये (फोनच्या नोंदींत) नंबरफॉरमॅटएक्सेप्शन (मजकुराचा आकडा करता न आल्याची एरर) आहे आणि ज्या मजकुरावर अडतंय तो '१२५.५०' असा देवनागरीत दिसतोय. हा एम्युलेटरचा दोष की कोडचा?


वाळूघड्याळ

मधेच दोन ओळी, मॅक आणि लिनक्सवरून हा धागा शोधत येणाऱ्यांसाठी. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर एक्स८६_६४ इमेज चालत नाही, पॅनिकमध्ये 'सीपीयू आर्किटेक्चर नॉट सपोर्टेड' येतं. आर्म६४-व्ही८ए इमेज घ्या. लिनक्सवर ॲक्सेल-चेकने केव्हीएमची (लिनक्सच्या हायपरवायझरची) परवानगी नाही म्हटलं तर युजरला 'केव्हीएम' गटात घाला आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा, त्याशिवाय गट लागू होत नाही. सुडोने (प्रशासकाच्या अधिकाराने) एम्युलेटर चालवू नका, फाइल्सची मालकी रूटकडे जाते आणि पुढच्या वेळी नव्याच एरर येतात.


मांडवी

@घाटमाथा, कोडचा. पण तो एम्युलेटरवर सापडला हे फार बरं झालं, कारण ज्यांच्या फोनची भाषा मराठी आहे त्या सगळ्यांकडे हा स्क्रीन पडला असता.

अँड्रॉइड भाषांची माहिती युनिकोडच्या सीएलडीआरमधून (प्रत्येक भाषेचे अंक, तारखा वगैरे कसे लिहायचे याच्या साठ्यातून) घेतो. त्यात मराठीचे ठरलेले अंक देवनागरी आहेत, हिंदीचे मात्र इंग्रजी. म्हणून हिंदीत चालतं आणि मराठीत पडतं. कोटलिनमधलं '%.२एफ'.फॉरमॅट(रक्कम) फोनच्या भाषेप्रमाणे अंक देतं, म्हणजे तुमच्याकडे १२५.५०. पुढे कोणीतरी त्याच मजकुरावर 'टूडबल' करतं आणि तो देवनागरी अंक ओळखत नाही. फसवी गोष्ट अशी की 'टूइंट' ओळखतो. त्यामुळे पूर्णांकांचे स्क्रीन व्यवस्थित चालतात आणि पैशांचा तेवढा पडतो.

नियम सोपा ठेवा. माणसाने वाचायच्या मजकुराला फोनची भाषा. यंत्राने वाचायच्या मजकुराला, म्हणजे जेसन, एसक्यूएल, यूआरएल, फाइलचं नाव यांना, लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) म्हणून लोकेल.रूट किंवा लोकेल.यूएस स्पष्टपणे द्यायचं. रक्कम मजकुरातून परत आकड्यात आणूच नका, मूळ आकडा वेगळा जपून ठेवा. सिंपलडेटफॉरमॅटही तपासा, मराठीत तो तारीख '२०२४-०१-१५' अशी देवनागरीत देतो आणि सर्व्हर ती नाकारतो. डॉलरच्या खुणेने मजकुरात आकडा घालायची कोटलिनची पद्धत भाषा बघत नाही, ती सुरक्षित आहे. ग्राहकांना मराठी शब्दांबरोबर इंग्रजी अंकच हवे असतील तर लोकेल 'एमआर-आयएन-यू-एनयू-लॅटन' असं द्या, पण तो दाखवण्यापुरता निर्णय असू दे. क्रॅश झाकायला तो वापरू नका.

तपासण्यासाठी दर वेळी सगळ्या फोनची भाषा बदलायची गरज नाही. अँड्रॉइड १३पासून एका ॲपची भाषा बदलता येते, त्यासाठी एपीआय ३३ची एक एव्हीडी बाजूला ठेवा:

एडीबी शेल सीएमडी लोकेल सेट-ॲप-लोकेल्स (पॅकेजचं नाव) --लोकेल्स एमआर-आयएन

मराठी टाइप करायचं तर विंडोजचा देवनागरी कीबोर्ड एम्युलेटरमध्ये पोचत नाही, आत रोमन कळाच जातात. 'एडीबी शेल इनपुट टेक्स्ट'लाही देवनागरी दिलं तर ते नल पॉइंटरवर कोसळतं. फोनच्या आतल्या जीबोर्डमध्ये मराठी जोडा, किंवा लॅपटॉपवर कॉपी करून फोनच्या चौकटीत दाबून धरून पेस्ट करा, क्लिपबोर्ड दोघांचा एकच असतो. जोडाक्षरं आणि रफार कापले जात नाहीत ना, हे पाहायला 'र्‍य', 'ळ्या', 'र्त्य' असलेले शब्द घ्या आणि फॉन्ट साइज सेटिंगमधून सर्वांत मोठा करून पाहा. बटणांची उंची ठरावीक डीपीत (अँड्रॉइडच्या लांबीच्या एककात) बांधलेली असेल तर वरची वेलांटी आणि मात्रा आधी कापल्या जातात. 'हाइट'ऐवजी 'मिनहाइट' द्या.